गॅमा किरणांनी केलेलं निळं मॉलिब्डेनम ऑक्साइड सकाळपर्यंत फिकं का पडतं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमोनियम मॉलिब्डेटचं द्रावण घेतलं, त्यात मॉलिब्डेनम १० मिलिमोलर. वर १० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २. असं ३० मिलिलीटर द्रावण ५० मिलिलीटरच्या स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत भरून विद्यापीठाच्या गॅमा चेंबरमध्ये (कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देणारं यंत्र) २० किलोग्रे डोस दिला; ग्रे म्हणजे शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक. बाटली गडद निळी बाहेर आली, दुसऱ्या दिवशी सकाळी फिकी पडलेली. सेंट्रिफ्यूज केलं तर खाली काहीच बसलं नाही. प्रकाश शोषून ते किती तापतं हे पाहायला ८०८ नॅनोमीटरच्या लेझरखाली धरलं, तर तापमान जेमतेम ५ अंशांनी वाढलं. आता ४० किलोग्रे द्यावा की ६०, असं तुम्ही विचारता. हा निळा पदार्थ कापडावर बसवून उन्हात बोअरचं खारं पाणी आटवायचं आहे, आणि बाटली घरी नेली तर किरणोत्सर्गाची भीती आहे का, हेही.

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. भीती नाही. कोबाल्ट-६० चे गॅमा १.१७ आणि १.३३ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. तुमच्या बाटलीतल्या कुठल्याही अणूचं केंद्रक फोडायला ते पुरत नाहीत; पाण्यातल्या थोड्याशा ड्यूटेरियमलासुद्धा २.२ लागतात. बाटली फक्त प्रकाशात धरल्यासारखी आहे, स्रोताचा कण तिला चिकटत नाही. अल्कोहोल आणि आम्ल असलेली बाटली घरी नेऊ नये, ते वेगळ्या कारणासाठी.

आता मुख्य गोष्ट. तुमची अडचण डोस कमी पडण्याची नाही. गॅमा किरण ऑक्साइड बनवत नाहीत, ते पाणी फोडून इलेक्ट्रॉन मोकळे करतात. ते इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनमवर जाऊन बसतात की दुसरंच कोणी पळवतं, आणि बसल्यावर तिथे टिकतात का, हे बाटली, हवा आणि पीएच ठरवतात. म्हणून डोस म्हणजे इलेक्ट्रॉनचा जमाखर्च, असं समजून चला.

जमेची बाजू पाहू. पाण्यात गॅमाची १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली की साधारण ०.२८ मायक्रोमोल जलयोजित इलेक्ट्रॉन, ०.०६ मायक्रोमोल हायड्रोजन अणू आणि ०.२८ मायक्रोमोल हायड्रॉक्सिल रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले, फार क्रियाशील तुकडे) तयार होतात. शिवाय थोडा हायड्रोजन वायू आणि ०.०७ मायक्रोमोल हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिले दोन क्षपण करणारे, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे; तिसरा नेमका उलटा, कडक ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन हिसकावणारा. तो तसाच राहू दिला तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत घेतल्यासारखं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घालायचं ते यासाठी. ते हायड्रॉक्सिल रॅडिकलला पकडतं आणि स्वतः क्षपण करणारं रॅडिकल बनतं. पीएच २ ला बरेचसे इलेक्ट्रॉन आधी हायड्रोजन अणू होतात, पण तेही शेवटी याच वाटेने येतात. त्यामुळे तिन्ही मिळून हिशेबाला ०.६२ मायक्रोमोल प्रति ज्यूल धरा. आम्लात आकडा किंचित वाढतो. १ किलोग्रे म्हणजे किलोला १००० ज्यूल, म्हणजे प्रत्येक किलोग्रेमागे लिटरला ०.६२ मिलिमोल इलेक्ट्रॉन. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अल्कोहोल झिजून ॲसिटोन होतं, बाटली उघडल्यावर वास येईल. त्याची काळजी नको. ॲसिटोनने इलेक्ट्रॉन पकडला तरी तेच रॅडिकल परत मिळतं.

तुमच्या बाटलीत ३० ग्रॅम द्रावण, २० किलोग्रे, म्हणजे ६०० ज्यूल. जमा झाले ०.३७ मिलिमोल इलेक्ट्रॉन. बाटलीत मॉलिब्डेनम एकूण ०.३० मिलिमोल. म्हणजे प्रत्येक अणूमागे एकाहून जास्त इलेक्ट्रॉन तुम्ही आधीच दिलेत, आणि चांगल्या गडद निळ्यासाठी तर दर दहा अणूंतल्या दोन-तीनांवर इलेक्ट्रॉन बसला तरी पुरतं.

मग गेले कुठे? खर्चाची बाजू: ५० ची बाटली, ३० द्रव, वर २० मिलिलीटर हवा. त्यात ऑक्सिजन ४.२ मिलिलीटर, म्हणजे ०.१७ मिलिमोल. ऑक्सिजनचा एक रेणू पाणी होईपर्यंत चार इलेक्ट्रॉन खातो. ०.१७ गुणिले ४, जवळजवळ ०.६९ मिलिमोल. तुम्ही दिलेल्या सगळ्या इलेक्ट्रॉनच्या जवळपास दुप्पट भूक त्या बुचाखालच्या हवेला होती! पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार नसतो, लिटरला पाव मिलिमोल. तो पहिल्या एक-दोन किलोग्रेमध्येच संपतो. त्यामुळे चेंबरमध्ये असेपर्यंत निळा रंग व्यवस्थित चढतो, कारण वरच्या हवेतला ऑक्सिजन न ढवळलेल्या द्रवात हळूहळूच उतरतो. रात्रभर बाटली तशीच ठेवली की तो निवांतपणे उतरतो आणि पंचसंयुजी (इलेक्ट्रॉन मिळालेल्या, निळ्या) मॉलिब्डेनमला परत षट्‌संयुजी करतो. ४० किलोग्रे दिलेत तर सकाळऐवजी दुपारी फिकं पडेल, एवढाच फरक.

हे पटत नसेल तर साधी चाचणी करा. एकाच द्रावणाच्या दोन बाटल्या, एक तुमच्या पद्धतीची, दुसरी खाली सांगतो तशी नायट्रोजनची. दोन्ही शेजारी ठेवून एकाच वेळी किरण द्या आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कागदापुढे धरून पाहा.

नायट्रोजन देताना लोक घाई करतात. ३० ते ५० मिलिलीटरला बारीक सुईतून तळापासून २० ते ३० मिनिटं बुडबुडे सोडायचे. नायट्रोजन थेट सोडला तर तो अल्कोहोलची वाफ घेऊन जातो आणि तुमचे १० टक्के कमी होतात. म्हणून आधी त्याला त्याच मिश्रणाच्या एका छोट्या बाटलीतून फिरवून घ्या. दुसरी सुई हवा बाहेर जाण्यासाठी. शेवटची पाच मिनिटं सुई द्रवाच्या वर उचलून वरची जागा धुवायची, मग आधी बाहेर जाणारी सुई काढायची, नंतर आत येणारी. बूच जाड ब्यूटाइल रबराचं, वर ॲल्युमिनियमचं क्रिंप. सिलिकोनचं सेप्टम (सुई टोचता येईल असं बूच) अजिबात नको. ते द्रव अडवतं, पण त्यातून ऑक्सिजन चाळणीतून जावा तसा जातो. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकणही नको. टेफ्लॉन रसायनांना दाद देत नाही, पण किरणांपुढे तो सर्वांत नाजूक प्लॅस्टिकांपैकी एक आहे, १० किलोग्रेच्या आसपास ठिसूळ होऊन फ्लोराइड सोडायला लागतो. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्याही वारंवार वापरल्या तर तडकतात. काच चांगली, फक्त ती किरणांनी तपकिरी होते. नवशिके तो तपकिरी रंग द्रावणाचा समजतात आणि वहीत 'तपकिरी अवक्षेप' लिहून मोकळे होतात. द्रावण नेहमी कोऱ्या क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायची चौकोनी पारदर्शक नळी) काढून पाहा.

बाटली काठोकाठ भरायचा मोह होईल, हवाच नको म्हणून. तेही करू नका. हायड्रोजन वायू तयार होतो. तुमच्या डोसला ३० मिलिलीटरमध्ये दीड मिलिलीटरपासून वाईटात वाईट सहा मिलिलीटरपर्यंत. वरती १० मिलिलीटर तरी जागा हवी, पण ती नायट्रोजनची. नंतर सेप्टममध्ये सुई खुपसून दाब सोडायचा, तो फ्युम हूडमध्ये, जवळपास गरम प्लेट चालू नसताना.

आता डोसच्या आकड्याबद्दल, कारण तुम्ही लिहिलेले २० किलोग्रे कुठून आले हे तुम्ही सांगितलेलं नाही. बहुतेक ठिकाणी चेंबरवर चिकटवलेल्या कागदावरचा डोस-दर घेऊन तासांनी गुणतात. त्या कागदावरची तारीख पाहिलीत का? कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के घट. तीन वर्षांपूर्वी ताशी ५ किलोग्रे असेल तर आज ३.४ आहे. शिवाय आपल्याकडे विद्यापीठांत दिसणारं चेंबर बहुधा ब्रिट या सरकारी संस्थेचं गॅमा चेंबर ५००० असतं. त्याची नमुन्याची जागा १७.२ सेंटिमीटर व्यासाची आणि २०.५ सेंटिमीटर उंचीची. मधोमध आणि कडेला, वर आणि खाली डोस २५ टक्क्यांपर्यंत बदलू शकतो. म्हणून थर्माकोलचा एक ठोकळा कापून बाटलीची जागा कायमची ठरवून टाका.

आणि स्वतःचा डोस स्वतः मोजा. फ्रिक द्रावण (किरणांनी किती फेरसचं फेरिक झालं त्यावरून डोस सांगणारं) कुठल्याही कॉलेजात होतं: लिटरमध्ये १ मिलिमोल फेरस अमोनियम सल्फेट, १ मिलिमोल सोडियम क्लोराइड, ०.४ मोल सल्फ्युरिक आम्ल, पाणी शक्य तितकं शुद्ध. या द्रावणात हवा हवीच, इथे नायट्रोजन देऊ नका. त्याच बाटलीत, त्याच जागी २, ४ आणि ६ मिनिटं ठेवा आणि ३०४ नॅनोमीटरला शोषण मोजा. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये २५ अंशांना शोषणातली वाढ गुणिले २७८ म्हणजे डोस, ग्रेमध्ये. हे द्रावण साधारण ४० ते ४०० ग्रेपर्यंतच खरं बोलतं, म्हणून मिनिटंच, तास नाही. एकाच वाचनावर विसंबू नका: नमुना स्रोतापाशी जाता-येताना जो डोस मिळतो तो प्रत्येक वाचनात मिसळलेला असतो. तीन बिंदूंची रेषा काढून तिचा उतार घ्या, तोच दर.

एका गैरसमजाबद्दल जाता जाता. लासलगावला कांद्याला किरण देतात तिथे बाटली ठेवता येईल का, असं कोणीतरी खाली विचारलंय. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून लागणारा डोस ०.०६ किलोग्रेच्या आसपास. तुमचे २० किलोग्रे त्याच्या तीनशेपटींहून जास्त आहेत. डोसच्या मापाने तुमचं काम वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणाच्या, म्हणजे २५ किलोग्रेच्या, जास्त जवळ आहे. पण व्यावसायिक प्रकल्पात नमुना मधेच काढता येत नाही, म्हणून चेंबरच बरं.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो: सेंट्रिफ्यूजमध्ये काहीच बसलं नाही. इथे जे सांगणार आहे ते कदाचित आवडणार नाही. तुम्ही नॅनोकण बनवलेच नसावेत. आम्लात मॉलिब्डेट आधी बहुअण्वीय समूहांमध्ये जुळतं आणि इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं विरघळणारं 'मॉलिब्डेनम ब्लू' होतं, दोनशेहून जास्त वर्षांपासून ठाऊक असलेलं निळं द्रावण. ते समूह काही नॅनोमीटरचे असतात, पाण्यात सुखाने राहतात, १०–१२ हजार फेऱ्यांनाही खाली येत नाहीत. प्रकाश शोषतात, उष्णता देतात, म्हणजे काम करतात. पण त्यांना 'ऑक्सिजन-उणं मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड' म्हणायला आधार नाही, आणि कापडावर बसवले तर पहिल्याच पाण्यात धुऊन जातील. पीएच वाढवून पाहिलंत तर पाच-सहाच्या पुढे निळ्याऐवजी तपकिरी हायड्रॉक्साइडसारखा गाळ मिळायला लागतो. तो खाली बसतो खरा, पण तो वेगळा पदार्थ आहे.

तुम्हाला घन पदार्थ हवा असेल तर मी दुसरी वाट सुचवेन: आधी पांढरं मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड नॅनोपट्ट्यांच्या रूपात बनवा, म्हणजे अमोनियम मॉलिब्डेट आणि नायट्रिक आम्ल ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशांना, आणि मग त्या पट्ट्यांना किरण द्या. अल्कोहोलची रॅडिकल पट्टीच्या पृष्ठभागाला इलेक्ट्रॉन देतात, सोबत प्रोटॉन आत शिरतो आणि पांढऱ्या पट्टीचं निळं हायड्रोजन ब्राँझ, म्हणजे आत हायड्रोजन शिरलेलं ऑक्साइड, होतं. मूळ स्फटिकाचा सांगाडा बहुतांश तसाच राहतो. यात प्रत्येक मॉलिब्डेनममागे हायड्रोजन ०.२३ ते ०.४ असला की निळी समचतुर्भुजी अवस्था मिळते. १ च्या आसपास दुसरी निळी, १.६ च्या आसपास लाल. आपलं लक्ष्य ०.३.

हिशेब करू. १ ग्रॅम ट्रायऑक्साइड म्हणजे ६.९५ मिलिमोल. ०.३ ने गुणलं की २.१ मिलिमोल इलेक्ट्रॉन. १०० ग्रॅम मिश्रणात १ किलोग्रे ०.०६२ मिलिमोल देतो. म्हणजे ३४ किलोग्रे, आणि तोही एकही रॅडिकल वाया गेलं नाही तर. प्रत्यक्षात जातातच. ही रॅडिकल एकमेकांना भेटली की क्षणार्धात संपतात. पट्टी जवळ असेल तरच कामी येतात. म्हणून दीडपट ते दुप्पट धरा, आणि दोन गोष्टी सांभाळा. घनाचं प्रमाण लिटरला १० ग्रॅमच्या खाली नको. पट्ट्या तळाशी बसू देऊ नका. चेंबरमध्ये ढवळता येत नसेल तर दर दोन तासांनी बाटली काढून जोरात हलवा. तळाशी बसलेल्या पावडरचा वरचा थर निळा आणि आतला पांढरा असं झालं की उरलेला डोस फुकट. याच कारणाने इथे कमी दराचं जुनं चेंबर वाईट नाही: रॅडिकल एका वेळी कमी असली की एकमेकांना कमी भेटतात.

इलेक्ट्रॉन बीम मिळतोय, तो वापरू का, असं विचाराल. त्यात दर सेकंदाला किलोग्रे मिळतात, काम मिनिटांत होतं, द्रावणापासून कण बनवताना खूप बीजं एकदम तयार होऊन कण लहान राहतात. पण पट्ट्यांच्या कामात रॅडिकलची नासाडी वाढते, आणि बीम पाण्यात काही सेंटिमीटरच शिरतो, उथळ तबक लागतं. किरणांनी द्रावण तापतं म्हणून क्रिया होते, हा समजही सोडा: १० किलोग्रेने पाणी फक्त २.४ अंशांनी तापतं.

द्रावणाच्या वाटेनेच जायचं असेल तर स्थिर करायला पीव्हीपी (पाण्यात विरघळणारं, लांब साखळ्यांचं पॉलिमर) ०.१ ते ०.२ टक्केच. १-२ टक्के घालून हवा काढलेल्या बाटलीत २०-३० किलोग्रे दिलात तर पीव्हीपीच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊ शकतात आणि बाटलीत जेली मिळते. जखमेवरच्या पट्ट्यांचं हायड्रोजेल अशाच किरणांनी बनवतात, त्यामुळे यात आश्चर्य काही नाही. अल्कोहोल भरपूर असेल तर हे बरंच टळतं.

धुताना पुन्हा तोच ऑक्सिजन. हवा काढलेलं इथेनॉल वापरा, पाण्याने वारंवार धुऊ नका. दोन फेऱ्या पुरेत. वाळवणं निर्वातात ४०–५० अंशांना. उघड्या ओव्हनमध्ये १०० अंशांना ठेवलं की संध्याकाळपर्यंत राखाडी होतं. साठवण नायट्रोजन भरलेल्या बाटलीत, कोरडी पावडर म्हणून. पाण्यात मिसळायचं ते मोजायच्या दिवशी.

इलेक्ट्रॉन खरंच किती बसले हे कसं कळणार? एक्सपीएसची (एक्स-किरण मारून अणूंची संयुजा पाहण्याची पद्धत) सगळ्यांना घाई असते. मॉलिब्डेनमचं ३डी शिखर ६+ साठी २३२.६ च्या आसपास, ५+ साठी साधारण एक इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली. पण निर्वातात एक्स-किरणांखाली हा पदार्थ स्वतःहून आणखी क्षपित होतो, म्हणजे तुम्ही चेंबरमध्ये केलं तेच यंत्र करतं. पहिलं स्कॅन झटपट घ्या आणि शेवटी तेच शिखर पुन्हा घेऊन तुलना करा. माझा भरवसा टायट्रेशनवर जास्त. ठरावीक वजनाची पावडर नायट्रोजनखाली प्रमाणित सेरिक सल्फेटच्या जादा द्रावणात घाला, रंग जाईपर्यंत ढवळा, उरलेलं सेरिक फेरस अमोनियम सल्फेटने उलट मोजा. आलेला आकडा किलोग्रेच्या हिशेबाशेजारी लिहिलात की किती इलेक्ट्रॉन कामी आले ते लगेच दिसतं. यूव्ही-व्हिजिबलमध्ये ७५० नॅनोमीटरच्या आसपास रुंद शिखर आणि जवळच्या अवरक्तात लांब शेपूट दिसायला हवी. एक्सआरडीमध्ये (एक्स-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्याची चाचणी) रेषा सरकल्या का, हेही पाहा. नुसता निळा रंग हा पुरावा नाही.

आता लेझर. ५ अंश वाढ म्हणजे काहीच सांगितलं नाही, कारण शोषण किती होतं ते तुम्ही दिलं नाहीत. फिक्या द्रावणातून बहुतेक प्रकाश आरपार गेला असणार. प्रकाशाचं उष्णतेत रूपांतर होण्याची कार्यक्षमता काढताना तापवल्यानंतर लेझर बंद करून थंड होण्याची वक्ररेखा घ्यायची आणि तिच्यावरून कालस्थिरांक (वाढलेलं तापमान ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) काढायचा. उदाहरण घ्या: १ मिलिलीटर पाणी, कालस्थिरांक २५० सेकंद. ४.२ भागिले २५० म्हणजे दर अंशाला १६.८ मिलिवॉट गळती. स्थिर झाल्यावर वाढ २२ अंश, म्हणजे ३७० मिलिवॉट उष्णता. नुसत्या पाण्याच्या क्युव्हेटमध्ये त्याच लेझरखाली वाढ २ अंश, म्हणजे ३४ मिलिवॉट वजा. उरले ३३६. लेझर १ वॉट, ८०८ ला शोषण ०.७, म्हणजे ८० टक्के प्रकाश अडला, ८०० मिलिवॉट. भागाकार ४२ टक्के. यात लोक तीन ठिकाणी चुकतात. लेझरच्या डबीवरचा आकडा घेतात, क्युव्हेटपाशी पॉवर मीटर लावत नाहीत. शोषण आदल्या दिवशीचं घेतात, आणि या पदार्थात रात्रीत काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. आणि क्युव्हेटच्या काचेची उष्णताधारकता विसरतात. ती सोडली तर कार्यक्षमता कमी दिसते, सगळी धरली तर जास्त. पाण्याला टेकलेल्या काचेपुरतीच धरा आणि तसं लिहा. ८०८ डोळ्याला धड दिसत नाही, म्हणून त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

पण तुम्हाला तर उन्हात पाणी आटवायचंय, मग ८०८ चा आकडा फारसा उपयोगी नाही. सूर्याच्या ऊर्जेचा मोठा भाग दृश्य प्रकाशात असतो. कापडाचं ३०० ते २५०० नॅनोमीटरचं परावर्तन मोजून सौर वर्णपटाने भारित सरासरी काढा. आणि कमाल मर्यादा लक्षात असू द्या: चौरस मीटरला १ किलोवॉट ऊन, तर सपाट पृष्ठभागावरून तासाला साधारण दीड किलोपेक्षा जास्त पाणी नुसत्या सूर्याच्या उष्णतेवर उडू शकत नाही. तुमचा आकडा दोन आला तर आधी कापडाच्या कडा आणि पंख्याची हवा तपासा.

इथेच मला वाटतं तुम्ही साहित्यच चुकीचं निवडलंय. बोअरचं पाणी बायकार्बोनेटचं, पीएच बहुधा ७.५ ते ८.५. मॉलिब्डेनम ऑक्साइड अशा पाण्यात आधी फिकं पडतं, मग विरघळून मॉलिब्डेट होतं. औषधी उपयोगात हाच गुण मानतात, काम झाल्यावर शरीरातून निघून जावं म्हणून. तुमच्या कापडाला तो मारक, शिवाय आटवलेल्या पाण्याच्या भांड्यात मॉलिब्डेनम उतरणार. टंगस्टन ऑक्साइडचीही आम्लारीशी हीच गत.

त्याच चेंबरमध्ये मॅग्नेटाइट करून पाहा. तो काळा असतो, अल्कधर्मी पाण्यात टिकतो, आणि त्याचं गणित गॅमासाठी फार सोयीचं आहे: तीन लोहांपैकी एकच फेरस हवा. १० मिलिमोलर फेरिक क्लोराइड, पीएच दीड ते दोन, १० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, वर सांगितल्यासारखा नायट्रोजन. ३.३ मिलिमोलर इलेक्ट्रॉन हवेत, म्हणजे ५ ते ५.५ किलोग्रे, दीड-दोन तासांचं काम. किरण दिल्यावर सिरिंजने थोडं काढून फेनँथ्रोलिनने (फेरसशी लाल-नारिंगी रंग देणारं रसायन) ५१० नॅनोमीटरला फेरस मोजा. एकतृतीयांश झाला असेल तर बाटली न उघडता सेप्टममधूनच हवा काढलेला अमोनिया टोचून पीएच १० पर्यंत न्या. काही मिनिटांत काळा अवक्षेप आणि चुंबकाला झुकणारा. तपकिरी आला तर फेरस कमी पडला किंवा हवा शिरली. हिरवट-निळसर आला तर डोस जास्त झाला. हा पदार्थही वर्षानुवर्षं हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होऊन तांबूस होतो, पण एका रात्रीत नाही.

नुसती काळी पावडरच हवी असेल आणि गॅमाचा आग्रह नसेल, तर फेरस-फेरिक मिसळून साध्या बीकरमध्येही मॅग्नेटाइट होतं, हे तुमच्या गाइडला आधीच सांगून ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. उत्तर असं द्या: फेरस-फेरिकचं प्रमाण डोसने ठरतं, बाहेरचा क्षपक घालावा लागत नाही, आणि इलेक्ट्रॉन बाटलीभर जवळपास सारखे तयार होतात. पण हे म्हणायला फ्रिकची रेषा आणि फेनँथ्रोलिनचे आकडे हातात हवेत. म्हणून सोमवारी चेंबर मिळालं की आधी फ्रिकच्या तीन बाटल्या लावा, मग नायट्रोजनच्या आणि हवेच्या दोन निळ्या बाटल्या. मॅग्नेटाइट त्यानंतर.